वुडीचे कागद

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, टल्साच्या वुडी गथ्री सेंटरमध्ये रेघांच्या कागदाचं एक पान काचेआड जपून ठेवलेलं आहे. अक्षर सुवाच्य. गाण्याचं मूळ शीर्षक खोडलेलं, त्याजागी नवं लिहिलेलं. खाली सही, २३ फेब्रुवारी १९४० ही तारीख आणि न्यूयॉर्कच्या हॅनोवर हाउस या स्वस्त लॉजचा पत्ता. जवळच वुडीनं स्वतःपुरती एक टीपही टाकली आहे. माणसाला जे दिसतं तेवढंच लिहिता येतं, अशा अर्थाची. अमेरिकेत आज शाळाशाळांतून म्हटलं जाणारं ‘धिस लँड इज युवर लँड’ हे गाणं पहिल्यांदा उतरलं ते याच पानावर.

त्या हिवाळ्यात लोकगायक वुडी गथ्री लोकांच्या गाड्या थांबवून लिफ्ट मागत, थंडीवाऱ्यात न्यूयॉर्कला पोचला होता. वाटेत जिथंतिथं रेडिओवर आयर्विंग बर्लिनचं ‘गॉड ब्लेस अमेरिका’ वाजत होतं. देवा, या देशावर कृपा कर, हे ऐकत तो जी माणसं बघत आला होता ती धुळीनं शेतं गेलेली, बँकेनं घरं घेतलेली, मोफत जेवणाच्या रांगेत उभी असलेली होती. त्या गाण्याला उत्तर म्हणून त्यानं हे लिहिलं. चाल नवी केली नाही. कार्टर फॅमिली या गायकगटाची एक जुनी चाल घेतली आणि तिच्यावर आपले शब्द बसवले. गाणं लिहून झालं आणि तसंच राहिलं. ध्वनिमुद्रित व्हायला १९४४ साल उजाडलं. पुढं ते छापलं गेलं, पाठ्यपुस्तकांत गेलं, तेव्हा खासगी मालकीच्या पाटीविषयीचं कडवं आणि उपाशी माणसांचं कडवं बहुतेक ठिकाणी गळालेलं होतं. १८ जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर पीट सीगर आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकांनी गळालेल्या कडव्यांसह ते म्हटलं. सीगर तेव्हा ८९ वर्षांचे होते. काचेआडच्या पानावर ती कडवी वुडीच्या हातची, जशीच्या तशी आहेत.

मी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात गाणी म्हणत वाढलो. गाणं करणाऱ्या माणसाविषयी मला जे कुतूहल आहे ते तिथलं. सभेच्या आदल्या रात्री बसून कडवी जुळवणारी, ओळखीच्या चालीवर नवे शब्द चढवणारी आणि दुसऱ्या दिवशी ते गाणं हजार लोकांसमोर म्हणणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. वुडी गथ्री त्याच जातकुळीतला, हे त्याची गाणी ऐकून माहीत होतं. त्याचं काम कसं चालायचं ते मात्र त्याच्या कागदांजवळ गेल्याशिवाय कळणार नव्हतं. माझी भाची नोकरीनिमित्त टल्सात राहते. “मामा, जुलैत ओक्लाहोमात कुणी येतं का? उन्हानं भाजून निघाल,” असं ती फोनवर म्हणाली. पण जुलैच हवा होता. १४ जुलै हा वुडीचा जन्मदिवस, आणि त्याच्या जन्मगावी, ओकीमाला, त्याच्या नावाचा गाण्यांचा महोत्सव त्या सुमारास भरतो.

सेंटर टल्साच्या जुन्या गोदामांच्या भागात आहे. विटांच्या भिंती, समोर गथ्री ग्रीन नावाचं मैदान, शेजारी २०२२ मध्ये उघडलेलं बॉब डिलन सेंटर. रस्त्याचं आजचं नाव रिकन्सिलिएशन वे, म्हणजे समेटाचा मार्ग. पूर्वी तो टेट ब्रेडी या शहराच्या एका संस्थापकाच्या नावानं ओळखला जाई आणि हा गृहस्थ कू क्लक्स क्लॅनचा सदस्य होता. इथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर ग्रीनवूड आहे. १९२१ मध्ये गोऱ्या जमावानं जाळलेली कृष्णवर्णीयांची ती समृद्ध वस्ती. वुडीचे कागद या रस्त्यावर येऊन राहिले हे मला फार योग्य वाटलं. का, ते पुढं ओकीमाबद्दल लिहिताना येईल.

आत गेल्यावर प्रथम धक्का बसतो तो कागदांच्या संख्येचा. वुडीनं ध्वनिमुद्रित केलेली गाणी काही शेकडा भरतील. लिहिलेली सुमारे तीन हजार. तो वहीत लिही, टाइपरायटरवर लिही, पाकिटांवर, कॅलेंडरवर, हाताला लागेल त्यावर लिही. गाणी, पत्रं, दैनंदिन्या, वर्तमानपत्राचे स्तंभ, ‘बाउंड फॉर ग्लोरी’ हे १९४३ चं आत्मकथन. शिवाय चित्रं. तरुणपणी टेक्ससच्या पँपा गावी असताना तो दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा. ब्रशवरची ती पकड त्याच्या व्यंगचित्रांत दिसते. एका बैठकीत दोन-तीन गाणी लिहिलेली पानंही आहेत आणि त्यांतलं एखादं अगदी सामान्यही आहे. मला ते सामान्य गाणं पाहून आनंद झाला. चांगलं गाणं येण्याची वाट पाहत हा माणूस बसला नाही. तो रोज कामावर बसत होता. चांगलं येईल त्या दिवशी येत होतं.

त्याच्या कामाची पद्धत कागदांवरून जुळवता येते. सुरुवात बहुधा बातमीनं. १४ एप्रिल १९३५ रोजी पँपावर धुळीची काळी भिंत चालून आली. भरदिवसा हातातलं दिसेना. जग बुडालं असं लोकांना वाटलं. त्या दिवसावर त्यानं केलेलं गाणं निरोपाचं आहे, पण त्यात रडणं नाही. शेजारीपाजारी काय करत होते ते आहे. १९४० मध्ये एका रेकॉर्ड कंपनीला धुळीच्या दुष्काळावरची गाणी हवी होती. ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ हा स्टाइनबेकच्या कादंबरीवरचा चित्रपट नुकताच आला होता आणि त्याचा नायक टॉम जोड याच्यावरही गाणं हवं होतं. पीट सीगर सांगत असत की वुडीनं एका मित्राच्या घरी टाइपरायटर मागून घेतला, रात्रभर बसला, आणि सकाळपर्यंत स्टाइनबेकच्या जाडजूड कादंबरीचं एकच लांबलचक गाणं झालं होतं. ते इतकं लांब झालं की तबकडीच्या दोन्ही बाजू त्याला लागल्या. चाल ‘जॉन हार्डी’ या जुन्या पवाड्यासारख्या गीताची. ‘पास्चर्स ऑफ प्लेंटी’ हे मजुरांचं गाणं ‘प्रिटी पॉली’ या जुन्या खूनकथेच्या चालीवर आहे, आणि कोलंबिया नदीचं गाणं लेडबेलीच्या ‘गुडनाइट आयरीन’वर.

चाली उसन्या घेतल्या म्हणून त्याला कमी लेखणारे तेव्हाही होते. मला तसं वाटत नाही. ज्याच्या गाण्याला श्रोत्यांनी दुसऱ्या कडव्यापासून साथ द्यायला हवी आहे, त्याच्या दृष्टीनं ओळखीची चाल हे अर्धं काम झालेलं असतं. आपल्या शाहिरांना, कलापथकांना हे न सांगता कळत होतं. शिवाय चाल निवडण्यातही निर्मिती आहे. खुनाच्या गाण्याची काळवंडलेली चाल घेऊन ती बागांमधून फळं तोडत भटकणाऱ्या मजुरांच्या तोंडी द्यायची, हे सुचायला कान लागतो.

मग येतो स्वातंत्र्याचा प्रश्न, आणि इथं या माणसाचं आयुष्य सरळ रेषेत चालत नाही. १९४० च्या अखेरीस न्यूयॉर्कला त्याला एका तंबाखू कंपनीनं पुरस्कृत केलेल्या रेडिओ कार्यक्रमात चांगल्या पगाराची नोकरी लागली. घर झालं, गाडी आली, बायको मेरी आणि तीन मुलं टेक्ससहून आली. पण काय गायचं आणि काय नाही हे दुसरेच ठरवू लागले. १९४१ च्या सुरुवातीलाच त्यानं नोकरी सोडली, बायकामुलांना गाडीत घातलं आणि कॅलिफोर्नियाची वाट धरली. पुढचे महिने ओढाताणीचे गेले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याला बॉनव्हिल पॉवर अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यात महिन्याभराचं काम मिळालं. कोलंबिया नदीवरच्या धरणांच्या प्रचारासाठी गाणी लिहायची. खात्याच्या गाडीतून, ड्रायव्हर दिमतीला घेऊन, तो नदीच्या काठानं हिंडला आणि सुमारे तीस दिवसांत २६ गाणी लिहून मोकळा झाला. पगार २६६ डॉलर ६६ सेंट. ‘पास्चर्स ऑफ प्लेंटी’ त्यातलंच. म्हणजे मालकाच्या तंबाखूसाठी जो गाऊ शकला नाही, तो सरकारी मस्टरवर आपली उत्तम गाणी लिहून गेला. कारण धरणातून शेतकऱ्याच्या घरी वीज जाणार, यावर त्याचा मनापासून विश्वास होता. त्याच धरणांमुळं नदीकाठच्या आदिवासींच्या मासेमारीच्या पिढीजात जागा पाण्याखाली गेल्या, हे त्या गाण्यांत नाही. माणसाला जे दिसतं तेवढंच लिहिता येतं हे त्याचं वाक्य मला इथं वेगळ्या तऱ्हेनं आठवलं.

पण न दिसलेलं दाखवलं तर तो बघत असे, हेही खरं. लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी या रेडिओ केंद्रावर तो रोज गायचा. १९३७ मध्ये एकदा त्यानं शीर्षकातच कृष्णवर्णीयांसाठीचा हलका शब्द असलेलं एक जुनं गाणं कार्यक्रमात म्हटलं. ज्या घरात तो वाढला तिथं तो शब्द सर्रास होता. एका कृष्णवर्णीय श्रोत्याचं पत्र आलं. कडक आणि सभ्य. वुडीनं ते पत्र रेडिओवर वाचून दाखवलं, माफी मागितली, आणि तो शब्द आपल्या गाण्यांतून काढून टाकला. पुढच्या दहा वर्षांत तो लेडबेली, सनी टेरी या कृष्णवर्णीय कलावंतांबरोबर एका मंचावर गात होता.

टल्साहून ओकीमा साधारण ११० किलोमीटर. पंच्याहत्तर नंबरच्या महामार्गानं दक्षिणेला हेन्रिएटापर्यंत आणि तिथून पश्चिमेला. भाची गाडी चालवत होती. माती लाल, आपल्या कोकणातल्या जांभ्याची आठवण होईल अशी, आणि तिच्यावर ओक वृक्षांची बुटकी दाट झाडी. वाटेत ओकमल्गी लागतं. मस्कोगी या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राची, ज्यांना गोरे लोक क्रीक म्हणत आले त्यांची, ही राजधानी. गावाच्या मध्यावर दगडी काउन्सिल हाउस आहे, १८७८ चं. १८३० च्या दशकात या लोकांना आग्नेयेकडच्या त्यांच्या भूमीतून हुसकून इथं आणलं. ही जमीन कायमची तुमची, असं वचन दिलं. पुढं सामाईक जमिनीचे तुकडे पाडून ते एकेकाच्या नावावर केले आणि मग ते तुकडे फसवून, धाकानं, कवडीमोलानं काढून घेण्याचा धंदा सुरू झाला. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मस्कोगींचं हे राखीव क्षेत्र कायद्यानं कधी रद्द झालेलंच नाही. ओकीमाही त्याच क्षेत्रात येतं. ही जमीन तुझी आणि माझी असं सांगणारं गाणं ज्या मातीतल्या माणसानं लिहिलं, ती माती मुळात कुणाची, हा प्रश्न मूळ रहिवासी आज उघडपणे विचारतात. गाण्यावर जीव असणाऱ्यानंही तो ऐकून घेतला पाहिजे.

ओकीमा लहान आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. ब्रॉडवे नावाचा एक रुंद मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना विटांची एकमजली-दुमजली दुकानं, बरीचशी बंद. गावावर तीन पाण्याच्या टाक्या. एकीवर गरम, दुसरीवर थंड असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आणि तिसरीवर वुडी गथ्रीचं गाव. तिसरी पाटी १९७२ मध्ये रंगवली गेली, तीही सहजासहजी नाही. वुडी कम्युनिस्टांच्या वर्तमानपत्रात स्तंभ लिहायचा, संपावरच्या कामगारांसाठी गायचा. त्याच्या नावानं गावात काही करायचं म्हटलं की विरोध उभा राहायचा. रस्त्यावरचा गिटार घेतलेला पुतळा आणि महोत्सव, दोन्ही १९९८ मधले. तो गेला १९६७ मध्ये. तीस वर्षं गेली मधे. आता दुकानदार आपल्या काचांवर त्याचं चित्र लावतात. लोक प्रेमानं बोलतात आणि त्या प्रेमात मला खोटेपणा दिसला नाही. ज्यांनी विरोध केला त्यांची नातवंडं आज खुर्च्या मांडायला पुढं असतात.

त्याच्या घराच्या जागी पायाचे दगड उरले आहेत. भर दुपारी तिथं उभं राहिलो. उष्मा चाळिशीच्या घरात, किड्यांची किरकिर. त्याचे वडील चार्ली गथ्री जिल्हा न्यायालयात निवडून आलेले कारकून होते, जमिनीचे सौदे करायचे, समाजवाद्यांविरुद्ध हिरिरीनं लिहायचे. मुलाचं नाव त्यांनी वुड्रो विल्सन ठेवलं, कारण डेमोक्रॅटिक पक्षानं त्याच महिन्यात विल्सनना उमेदवारी दिली होती. वुडीच्या जन्माच्या सुमारे चौदा महिने आधी, २५ मे १९११ रोजी, गावाजवळच्या नदीवरील पुलावर लॉरा नेल्सन ही कृष्णवर्णीय स्त्री आणि तिचा किशोरवयीन मुलगा यांना जमावानं फाशी दिलं. फोटोग्राफरनं नदीतून छायाचित्रं घेतली आणि त्यांची पोस्टकार्डं विकली गेली. वुडीनं ते पोस्टकार्ड पाहिलं होतं. जमावात आपले वडील होते असं तो मानत असे. नदीवरच्या त्या पुलावर आणि त्या आईवर त्यानं पुढं एकाहून अधिक गाणी लिहिली. त्यांतली काही हयातीत कुणी ऐकलीही नाहीत. कागदावर राहिली, म्हणून आज आहेत.

ओकीमाच्या पश्चिमेला जवळच बोली हे गाव आहे. १९०३ मध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःसाठी वसवलेलं. बँक, शाळा, दुकानं सगळं त्यांचं. म्हणजे एकाच तालुक्याएवढ्या प्रदेशात हे तिन्ही होतं : लुबाडलेले मस्कोगी, बोलीचे स्वाभिमानी नागरिक आणि पुलावर जमलेला जमाव. त्याच्या गाण्यांतला राग कुठून येतो हे पुस्तकं वाचून कळत होतं, पण ही गावं किती जवळजवळ आहेत हे गाडीनं फिरल्यावर अंगावर आलं.

गाणी त्याला आईकडून आली. नोरा बेल जुनी लांबलचक कथागीतं गुणगुणायची. वुडीनं ती तिच्याजवळ बसून ऐकली. मग तिचं वागणं बिघडत गेलं. तोल जाई, संताप येई. १९१९ मध्ये थोरली मुलगी क्लॅरा भाजून गेली. १९२७ मध्ये वडील भाजले, आणि नोरा बेलला नॉर्मनच्या मनोरुग्णालयात नेलं. तिथंच ती १९३० मध्ये वारली. गावानं तिला वेडी ठरवलं होतं. तो हंटिंग्टन रोग होता, आईबापांकडून मुलात उतरणारा, मेंदू हळूहळू निकामी करणारा. चौदा-पंधरा वर्षांचा वुडी ओकीमात जवळजवळ एकटा उरला. न्हाव्याच्या दुकानाशी बूट पुसणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाकडून ऐकून त्यानं माउथ ऑर्गन उचलला, लोकांच्या घरी जेवला, भंगार विकलं. १९२९ मध्ये पँपाला वडिलांकडे गेला तेव्हा त्याच्याजवळ सामान नव्हतं. आईची गाणी होती.

महोत्सवाचं उघड्यावरचं रात्रीचं मैदान त्याच्याच गाण्याच्या नावाचं आहे, पास्चर्स ऑफ प्लेंटी. दिवसा गावातल्या जुन्या क्रिस्टल थिएटरात आणि छोट्या खोल्यांतून गाणी चालतात. इथं मोठे गायक येतात, पण मला ओढ होती ती दुसऱ्यांची : एका गाडीत गिटार, गादी आणि सीडींचं खोकं टाकून वर्षभर फिरणाऱ्यांची. टेक्ससहून आलेल्या अशा एका गायिकेशी दुपारी झाडाखाली बराच वेळ बोलणं झालं. तिच्यामागं कंपनी नाही. गाणी तिची, ध्वनिमुद्रण तिचं, पोस्टरही तीच चिकटवते. मिळकत कुठून, तर लोकांच्या घरच्या बैठकींतून. यजमान आपल्या दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसं बोलावतो, खुर्च्या शेजाऱ्यांकडून येतात, दाराशी बरणी ठेवतात, जमेल ते सगळं गायकाचं. रात्री झोपायला यजमानाचीच खोली. “इंटरनेटवर लाखभर लोकांनी ऐकलं तरी त्यातून टायर येत नाही,” ती म्हणाली. “बरणीतून येतो.”

लिहिते कधी, असं विचारलं. तिनं फोन दाखवला. गाडी चालवता चालवता गुणगुणलेल्या अर्धवट चालींच्या शेकडो फायली. शब्द वहीतच. रोज सकाळी कॉफीबरोबर एक पान, गाणं झालं नाही तरी पान भरायचंच, ही सवय वुडीच्या कागदांवरून घेतली असं तिनं सांगितलं. कंपनीकडून बोलावणं आलं होतं, गेली नाही. ते म्हणाले, हे कडवं गाळलं तर गाणं रेडिओवर जाईल. ते कडवं तिच्या वडिलांच्या बंद पडलेल्या कारखान्याचं होतं. “ते गाळलं तर गाणं कशाचं उरतं?” संध्याकाळी तिनं तेच गाणं म्हटलं. सगळ्या कडव्यांसह. मागच्या रांगेतली दोन म्हातारी माणसं उभी राहिली.

या आयुष्याचं कौतुक करताना त्याचा जाच विसरता येत नाही. आरोग्य विमा नाही, घसा बसला की कमाई थांबते, घरी मूल असेल तर ते कुणाकडे ठेवायचं? वुडीच्या मोकळेपणाची किंमत त्याच्या बायकामुलांनी मोजली, आणि ती गाण्यांच्या थोरवीत बुडवून टाकता कामा नये. मेरीनं पँपात मुलं सांभाळली तेव्हा तो कुठंकुठं होता हे तिला पत्रांतून कळायचं. हे लिहिणं मला आवश्यक वाटतं, कारण भटक्या कलावंताच्या गोष्टीत घरी राहिलेलं माणूस नेहमी गाळलं जातं.

आणि तरी जे टिकलं ते घरच्याच माणसांमुळं टिकलं. दुसरी बायको मार्जोरी माझिया ही मार्था ग्रॅहमच्या कंपनीतली नर्तकी. ती आणि वुडी ब्रुकलिनच्या कोनी आयलंडमध्ये मरमेड अॅव्हेन्यूवर राहिले. चार वर्षांची मुलगी कॅथी १९४७ मध्ये आगीत गेली. १९५२ मध्ये वुडीला आईचाच रोग असल्याचं निदान झालं. पुढची बरीच वर्षं तो रुग्णालयांतून राहिला. आधी अक्षर गेलं, मग बोलणं. घटस्फोट झाला होता तरी मार्जोरी त्याला भेटत राहिली, कपडे नेत राहिली आणि कागद जपत राहिली. तो गेला त्याच वर्षी तिनं हंटिंग्टन रोगाविरुद्ध काम करणारी संस्था काढली. आजही ती चालू आहे. वुडीचे कागद त्याचे व्यवस्थापक हॅरल्ड लेव्हेन्थाल यांच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत खोक्यांत पडून होते. वुडी आणि मार्जोरी यांची मुलगी नोरा हिनं १९९० च्या दशकात ती खोकी उघडली आणि त्यांचं रीतसर संग्रहालय केलं. तिथून ते २०११ मध्ये जॉर्ज कैसर फॅमिली फाउंडेशननं तीस लाख डॉलरला घेतले आणि २०१३ मध्ये टल्साचं सेंटर उघडलं.

खोकी उघडल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जिचं मला आजही वाईट वाटतं. वुडीला स्वरलिपी येत नव्हती. शब्द उरले, बहुतेकांच्या चाली त्याच्या डोक्याबरोबर गेल्या. नोरानं ते शब्द आजच्या गायकांना द्यायला सुरुवात केली. इंग्लंडचा बिली ब्रॅग आणि अमेरिकेचा विल्को हा गट यांनी त्यांना चाली लावून १९९८ मध्ये ‘मरमेड अॅव्हेन्यू’ हा संग्रह केला. वुडीची सासू अलायझा ग्रीनब्लाट यिद्दिश कवयित्री होती. तिच्या शेजारानं त्यानं लिहिलेली ज्यू सणांची गाणी क्लेझमॅटिक्स या गटानं गायली. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात विमान पडून ३२ माणसं गेली. त्यांत २८ मेक्सिकन शेतमजूर होते, परत पाठवले जाणारे. बातमीत त्यांची नावं आली नाहीत. ते वुडीला सहन झालं नाही आणि त्यानं कविता लिहिली. तिला चाल लावली मार्टिन हॉफमन या तरुणानं, दहाएक वर्षांनी. त्या मजुरांची नावं शोधून फ्रेझ्नोच्या दफनभूमीतल्या शिळेवर कोरली गेली २०१३ मध्ये. ऊसतोडीला निघालेला ट्रक उलटल्याच्या आपल्याकडच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना नावं नसलेल्या यादीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. टल्साच्या याच कागदांत अभ्यासक विल कॉफमन यांना बीच हेवन या ब्रुकलिनच्या वसाहतीवरचं लेखनही सापडलं. १९५० च्या अखेरीस वुडी तिथं भाड्यानं राहायला गेला होता. घरमालक फ्रेड ट्रम्प. कृष्णवर्णीयांना तिथं घर मिळत नाही याबद्दल वुडीनं त्याचं नाव घेऊन वहीत लिहून ठेवलं होतं. ते जगापुढं आलं २०१६ मध्ये.

कुणी ती वही रद्दीत घातली असती, तर?

हा विचार घेऊन मी परत आलो, आणि तो आपल्या गावांकडं वळला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरत हजारो गीतं लिहून गेले. त्यांच्या मागंपुढं शाहीर, कलापथकवाले, भजनी मंडळांतले पदकर्ते, जलसेकार, लावणीकार अशी किती माणसं गाणी करत आली. त्यांच्या वह्या कुणाच्या फळीवर, कुणाच्या ट्रंकेत आहेत. तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत अशी वही असेल तर ती या महिन्यात बाहेर काढा. पान न् पान फोनवर टिपून घ्या. तारीख, गाव, प्रसंग आठवेल तसा मागं लिहून ठेवा. जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात एक प्रत द्या. आणि ते गाणं ज्या चालीवर म्हटलं जायचं ती चाल आठवणारा साथीदार, झीलकरी, बहीण, कुणीही हयात असेल, तर वहीच्या आधी त्याच्याकडं जा आणि त्याला गायला सांगून ध्वनिमुद्रण करून घ्या. वहीची प्रत पुढच्या आठवड्यातही काढता येईल.